लाल ठिपक्यांचं झबलं

पत्र्याच्या पेटीची कडी खट्कन वाजली आणि अश्लेषाचं बोट लॅपटॉपवर जागच्या जागी थांबलं.

रविवारची दुपार होती. तिचा नवरा कुमार शिरवळच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेला होता. शेजारच्यांचा टीव्हीसुद्धा बंद होता. शेफूला थोपटून थोपटून झोपवलं होतं, निदान तसं अश्लेषाला वाटत होतं. आठवड्याभरात स्वतःचा म्हणावा असा एवढाच एक तास तिच्या वाट्याला यायचा.

"शेफू?"

पेटीचं झाकण भिंतीला टेकल्याचा आवाज.

"मी झोपलीये," आतल्या खोलीतून शेफू म्हणाली.

"झोपलेली माणसं पेट्या उघडत नाहीत."

"ठकीला थंडी वाजतेय. तिचं झबलं कुठंय? लाल ठिपक्यांचं?"

ठकी म्हणजे शेफूच्या आजीने जुन्या साडीच्या चिंध्या भरून शिवलेली बाहुली. पेटीत शेफूचे तान्हेपणीचे कपडे होते, ते आता सगळे ठकीच्या मालकीचे झाले होते. आणि लाल ठिपक्यांचं झबलं किकवी गावच्या बाळाला दिलंय, हे शेफूला महिन्याभरापूर्वीच सांगून झालं होतं. पण पाच वर्षांची पोरं सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतात.

"दुसरं घाल तिला."

"तिला तेच आवडतं."

"शेफू, पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं मला काम करू दे, मग मी शोधते."

शोधण्यासारखं काही नव्हतं, हे तिचं तिला ठाऊक होतं. तिने समोरचा रिपोर्ट पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला.

भोरमधल्या ज्या ट्रस्टच्या रुग्णालयात अश्लेषा काम करायची, तिथे ती संसर्ग नियंत्रणाची सिस्टर होती. म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांवर येणारी बाई. कुणी हात धुतले, कुणी नाही, कुठल्या खाटेजवळचं सॅनिटायझर संपलं, कुठल्या डॉक्टरांनी एका बाळाला तपासून तसाच दुसऱ्या बाळाला हात लावला, हे सगळं ती निळ्या वहीत लिहून ठेवायची. ती आली की नर्सेस एकमेकींना खुणावायच्या आणि नळ सुटायचे. तिला ते दिसायचं, आणि नळ सुटले म्हणजे झालं, असं म्हणून ती पुढे जायची.

गौरी-गणपतीच्या आठवड्यात बालकक्षातली तीन तान्ही बाळं एकामागोमाग धापा टाकू लागली. तिघंही वेगवेगळ्या कारणांनी दाखल झालेली. एकाला कावीळ, एकाचं वजन कमी, एकाला नुसता ताप. सर्दीचा म्हणून मोठ्यांना जो विषाणू दोन दिवस नाक गळवून सोडून देतो, त्यानेच त्यांची छाती भरली होती. किकवीच्या बाळाला तर पुण्याला हलवावं लागलं. नऊ दिवस ते ऑक्सिजनवर होतं.

बाळं दाखल झाली तेव्हा त्यांना काहीच नव्हतं. म्हणजे आजार रुग्णालयातच लागला होता. कुणीतरी आत आणला होता.

तिसऱ्या बाळाला धाप लागली त्या दिवशी अश्लेषाने सगळ्या कर्मचाऱ्यांच्या नाकातले नमुने घेतले. बायका कुरकुरायला लागल्या तेव्हा मध्येच तिने स्वतःच्याच नाकात काडी घातली. "बघा, मेले का मी?" म्हणाली. सगळ्या हसल्या. रुग्णालयातल्या झटपट किटवर एकच नमुना पॉझिटिव्ह आला. वॉर्डातल्या मावशींचा, सगुणाबाईंचा. त्या दोन दिवसांपासून पदराआड खोकत होत्या, हे मग प्रत्येकीला आठवलं.

सगळं जुळलं होतं. तरीही बालरोगतज्ज्ञ डॉक्टर इंद्रजित यांनी सगळेच नमुने बर्फाच्या डब्यातून पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवले. "किट एवढंच सांगतं, की हा विषाणू आहे," ते म्हणाले होते. "तो कुठल्या घरचा, ते नाही सांगत. सिक्वेन्सिंग करू. त्याची पंधरा हजार अक्षरं असतात. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना एखादं अक्षर चुकतं. अक्षरं जुळली तर एकाच घरचे. नाही जुळली, तर नाव एक आणि घर वेगळं."

तो रिपोर्ट आता समोर होता. शेवटच्या पानावर एक आडवं झाड काढलेलं होतं आणि फांद्यांच्या टोकाला नमुन्यांचे क्रमांक. नावं प्रयोगशाळेला दिलेलीच नव्हती. कुठला क्रमांक कुणाचा, हे फक्त अश्लेषाच्या निळ्या वहीत होतं.

बाळ एक, बाळ दोन, बाळ तीन एकाच डहाळीवर होती. तिघांत मिळून एका अक्षराचा फरक.

कर्मचारी चार. तिने बोट फिरवलं. त्या डहाळीवर तो नव्हता. तो पार खाली, झाडाच्या दुसऱ्याच फांदीवर, एकटा. प्रयोगशाळेने खाली लिहिलं होतं की कर्मचारी चारमधला विषाणू वेगळ्या गटातला आहे आणि बाळांच्या आजाराशी त्याचा संबंध दिसत नाही.

कर्मचारी चार म्हणजे सगुणाबाई. त्यासाठी वही उघडायची गरज नव्हती.

आणि बाळांच्या डहाळीवर, बाळ एकच्या अगदी शेजारी, आणखी एक क्रमांक होता. कर्मचारी सात. किटला जो सापडला नव्हता तो मोठ्या मशीनला सापडला होता. पंधरा हजारांतलं एकही अक्षर वेगळं नव्हतं.

अश्लेषाने वही उघडली. तीही गरज नव्हती, तरी उघडली. सातव्या ओळीत तिच्याच वळणदार अक्षरात तिचं नाव होतं.

आतल्या खोलीत शेफू ठकीला दटावत होती. "नाही म्हटलं ना, ते झबलं बाळाला दिलंय. रडायचं नाही."

म्हणजे लक्षात होतं तिच्या.

*

बाळ एक म्हणजे प्रेरणाचं बाळ. प्रेरणा किकवीची. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं मूल आठव्या दिवशी गेलं होतं. आता हे दुसरं, काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलेलं, आणि ती त्या काचेच्या पेटीला नाक लावून दिवसच्या दिवस बसलेली.

"ताई, एक मागू?" एकदा तिने विचारलं होतं. "तुमच्या लेकीचं जुनं झबलं द्याल का? सासूबाई म्हणतात, याच्या अंगाला नवं कापड लावायचं न्हाई. जगल्या-वाचल्या लेकराचं मागून आणायचं."

"बाहेरचे कपडे वॉर्डात चालत नाहीत." अश्लेषाने दाराकडे बोट दाखवलं. बोर्ड तिनेच लावला होता, लॅमिनेट करून.

दुसऱ्या दिवशी प्रेरणाने पुन्हा विचारलं. अश्लेषा पुन्हा नाही म्हणाली.

"बरं," प्रेरणा म्हणाली आणि पुन्हा काचेला नाक लावून बसली. तिसऱ्या दिवशी तिने विचारलंच नाही. ते अश्लेषाला सहन झालं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी घरी तिने गॅसवर पातेल्यात पाणी ठेवलं होतं. झबलं उकळून घ्यायचं, कडक इस्त्री फिरवायची आणि न्यायचं. पण प्रेरणाने मागतानाच एक सांगितलं होतं. धुवायचं नाही. धुतलं की त्या लेकराचं आयुष्य त्यातून निघून जातं, असं सासूबाई म्हणतात. अश्लेषा पाण्याला बुडबुडे येईपर्यंत ओट्याशी उभी राहिली. मग तिने गॅस बंद केला.

झबलं ठकीच्या अंगात होतं आणि ठकी शेफूच्या कुशीत. शेफूला सर्दी झाली होती. दोन दिवस शाळेत गेली नव्हती. तिने मोठ्या मनाने झबलं काढून दिलं, आणि देण्याआधी त्यालाच नाक पुसलं.

"शी, शेफू!"

"थोडंसंच," शेफू म्हणाली.

अश्लेषाने ओल्या फडक्याने तेवढी जागा पुसली, झबलं स्वच्छ पिशवीत घातलं आणि स्कूटीला किक मारली. घरापासून रुग्णालय दहा मिनिटांवर. तिचा स्वतःचा घसाही सकाळपासून खरखरत होता. रस्त्याचं काम चालू आहे, धूळ फार, असं तिने कुमारला सांगितलं होतं.

प्रेरणाच्या हातात झबलं ठेवताना ती मास्क खाली ओढून हसली होती. प्रेरणाला तिचं हसू दिसावं म्हणून.

तो मंगळवार. बाळाला धाप लागली ती शुक्रवारी. सगुणाबाईंचा खोकला सुरू झाला शनिवारी. या तारखा तिच्याच वहीत, तिच्याच अक्षरात होत्या. पण खोकला ऐकू येतो, तारखा ऐकू येत नाहीत. अहवालात तिने लिहिलं, 'संभाव्य स्रोत : कक्षसेविका, कर्मचारी क्र. ४'. सगुणाबाई कंत्राटावर होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना येऊ नका म्हणून निरोप गेला.

दोन दिवसांनी त्या आल्या ते धुऊन घडी केलेला गणवेश परत द्यायला. वॉर्डाच्या दाराबाहेर, बोर्डाच्या खाली उभ्या राहिल्या. आत पाऊल टाकलं नाही.

"ताई, किकवीचं प्वार कसं हाय?"

"ऑक्सिजनवर आहे."

"म्या हात धुतलं हुतं वो. तुमी शिकवलं तसंच, बोटाच्या बेचक्यातनं." त्यांनी रिकाम्या हवेत हात चोळून दाखवले.

"खोकला होता तर सांगायचं होतं, मावशी."

"व्हय. चुकलंच ते."

एवढं बोलून त्या गेल्या. 'सांगायचं होतं' हे वाक्य आपण किती कोरड्या आवाजात बोललो, हे अश्लेषाला आज, रविवारच्या दुपारी, ऐकू आलं.

तिने मोबाईल उघडला. मागच्या आठवड्यात प्रेरणाने फोटो पाठवला होता. बाळ बरं होऊन घरी आलेलं, गुबगुबीत, डोळ्यांत काजळ. अंगात लाल ठिपक्यांचं झबलं. खाली लिहिलं होतं, 'ताई, तुमच्या झबल्यानंच तारलं बघा. जपून ठेवणारे.'

त्यावर अश्लेषाने तेव्हा हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं.

*

सोमवारी ओपीडी सुरू व्हायच्या आधी ती डॉक्टर इंद्रजित यांच्या खोलीत गेली. त्यांनी रिपोर्ट आधीच वाचला होता.

"सगुणाबाई सुटल्या," ते म्हणाले. "चांगलं झालं. चुकलोच आपण. आणि हे सात कोण?"

"मी."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"हे बघा सिस्टर, यावरून एवढंच कळतं की तुमचा आणि बाळांचा विषाणू एक आहे. कुणाकडून कुणाकडे गेला, ते हे झाड सांगत नाही. तुम्ही रोज वॉर्डात फिरता. तुम्हालाच बाळांकडून लागला असेल."

"असेल."

"तसंच लिहू या. खोटं काहीच नाही त्यात."

खिडकीबाहेर रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर गाडीच्या काचेवर पाणी मारत होता. अश्लेषाने पर्समधून मोबाईल काढला, प्रेरणाने पाठवलेला फोटो उघडला आणि टेबलावर त्यांच्यासमोर ठेवला.

"हे झबलं माझ्या मुलीचं आहे," ती म्हणाली. "तिला सर्दी होती. मी ते न धुता आणलं. मंगळवारी. मलाही त्याच दिवशी घसा धरला होता."

डॉक्टरांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

"न धुता? तुम्ही?"

"हो."

"मला कुणी सांगितलं असतं ना, तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं." त्यांनी मोबाईल हळूच तिच्याकडे सरकवला. "हे लिहायलाच हवं का? समिती बसेल. तुमच्या जागेचा प्रश्न आहे. आणि झबल्यातून गेला की तुमच्या श्वासातून, तेही आपल्याला सांगता येणार नाही."

"सगुणाबाईंचं लिहिताना मी इतका विचार केला नव्हता, सर."

डॉक्टरांनी उठून पंखा एका आकड्याने कमी केला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

तिने संध्याकाळपर्यंत सुधारित अहवाल लिहून दिला. आधीच्या अहवालासाठी एक पान लागलं होतं, याला तीन लागली. तारखा, झबलं, सगळं लिहिलं, पातेल्यातलं पाणी तेवढं सोडून. पाण्याचं लिहायला शब्द सापडेनात.

समितीची बैठक पुढल्या मंगळवारी ठरली. सगुणाबाईंना परत बोलवायचं, एवढं मात्र व्यवस्थापकांनी लगेच मान्य केलं. पण त्यांचा फोन लागेना. भोरमधली भाड्याची खोली सोडून त्या गावी, पासलीला गेल्याचं कळलं.

"कळवू कुणाच्या तरी हाती," व्यवस्थापक म्हणाले.

"नको. मीच जाते," अश्लेषा म्हणाली.

*

भोरहून पासलीला थेट गाडी नव्हती. रविवारी सकाळी शेफूला घेऊन ती एसटीने निघाली. कुमारला सुट्टी नव्हती आणि शेफूला ठेवायचं तर कुणाकडे? शेफूने ठकीला घेतलं, ठकीने निळं टोपडं घातलं होतं. कापूरव्होळला गाडी हायवेला लागली. तिथून साताऱ्याच्या बाजूला किकवी. अश्लेषाने त्या बाजूला एकदा पाहिलं. तिकडे जायचं होतंच. पण तिथे कुठल्या तोंडाने काय बोलायचं, ते अजून तिचं ठरत नव्हतं. गाडी पुण्याच्या दिशेला वळली.

चेलाडी फाट्यावर उतरून वेल्ह्याची गाडी, आणि वेल्ह्यातून वडाप. जीपमध्ये बारा माणसं, दोन कोंबड्या आणि एक सिलिंडर. शेफू एका म्हातारीच्या मांडीवर बसली होती.

"कुणाकडं वो?" म्हातारीने विचारलं.

"सगुणाबाईंकडे. दवाखान्यात होत्या त्या."

"सगुणा व्हय." म्हातारीने मान हलवली. "ती आलीया तवापासनं तोंड बांधून असती बगा. पोरगी बाळातीन झाली, तर ही गोठ्याच्या पडवीत झोपती. कुनाला हात लावू देत न्हाई. भोरात काय झालं म्हनं. तुमी दवाखान्यातल्याच का?"

"हो."

"बरं झालं. जरा समजवा तिला."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी खाचरांतलं भात पिवळं पडत आलं होतं. जीप थांबली की त्याचा वास आत यायचा.

सगुणाबाईंचं घर वरच्या आळीला होतं. अंगणात त्या विळा घासत बसल्या होत्या. नाकातोंडावरून घट्ट बांधलेला पंचा, वर फक्त डोळे. अश्लेषाला बघून त्या उठल्या आणि चार पावलं मागे सरकल्या.

"ताई? हितं? लांबच ऱ्हावा. लेकरू हाय संगं."

"तुम्हाला आता काही नाही, मावशी. महिना होऊन गेला."

"त्याचं काय सांगावं. किटावर आलं न्हवतं का. आतनं असंल अजून."

ओटीवर त्यांची लेक बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. गोधडीतून एवढंसं तोंड दिसत होतं.

"बगा की ताई," लेक म्हणाली. "वीस दिसांची झाली ही. आईनं अजून हातात न्हाई घेतली. आंगुळसुदिक शेजारची काकी घालती. ही आपली लांबनं सांगती, पाठ चोळ, टाळू भर. मला म्हनती, म्या किकवीचं प्वार मारत हुते, हिला कशाला शिवू."

"गप ग," सगुणाबाई पंच्याच्या आडून म्हणाल्या.

अश्लेषाने वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं. रिपोर्ट, झाड, फांद्या, पंधरा हजार अक्षरं. त्यातलं आता काहीच वापरण्यासारखं राहिलं नाही. ती ओटीच्या पायरीवर बसली.

"मावशी, ते तुमच्यामुळे झालं नाही."

सगुणाबाई उभ्याच राहिल्या.

"तुम्हाला जी सर्दी होती ती वेगळी होती. पुण्याहून रिपोर्ट आला. आजाराचं नाव तेच, पण बाळांना लागला तो वेगळा."

"नाव तेच, मंग वायला कसा?"

अश्लेषा शब्द शोधत होती. सगुणाबाईंनी समोरच्या खाचराकडे पाहिलं. तिथे दोन तुकडे शेजारी शेजारी होते, एक वाकलेला, एक अजून उभा.

"तसं म्हंता व्हय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "रोपात असताना इंद्रायनी न् आंबेमोहर सारखंच दिसतंय. लोंबी आल्याबगर कळत न्हाई."

"तसंच."

"मंग पोरास्नी कुनाचा लागला?"

"माझा."

गोठ्यात गाईने शेपूट आपटलं. शेफूने ठकीला अश्लेषाच्या मांडीवर बसवलं आणि ती बाळ बघायला लेकीच्या अंगाला लगटली. अश्लेषाने सगळं सांगितलं. प्रेरणाचं मागणं, शेफूची सर्दी, झबलं. अहवालात जे लिहिता आलं नव्हतं तेही सांगितलं. पाणी उकळलं होतं, मीच गॅस बंद केला.

सगुणाबाई ऐकत होत्या. त्यांच्या हातातला विळा तसाच होता.

"म्हंजी बोर्ड लावनारीच तुमी," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो."

"आन् मला काडली."

"हो."

"आता तुमास्नी कोन काडनार?"

"मंगळवारी ठरेल. तुम्हाला मात्र परत बोलावलंय. मी कागद आणलाय."

तिने पर्समधून कागद काढून पुढे केला. सगुणाबाईंनी तो घेतला नाही.

"वीस दीस, ताई," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "नाळ कापली तवा म्या उंबऱ्याभाईर हुते. पयल्यांदा शिंकली तर काळीज हाललं माजं. म्हनलं, आता हिला बी. रातभर पडवीत पाय गोळा करून बसले."

अश्लेषाला 'माफ करा' म्हणायचं होतं. तो शब्द तिने वाटेत तीनदा घोकला होता. आता तो फार छोटा वाटला. ठकीचं टोपडं सैल झालं होतं, त्याची गाठ तिने पुन्हा बांधली.

विळा दगडावर ठेवल्याचा आवाज आला. सगुणाबाई रांजणापाशी गेल्या. त्यांनी पंचा सोडला. तोंड उन्हाने रापलेलं आणि पंच्याखालची पट्टी तेवढी फिकी, असा त्यांचा चेहरा दिसला. साबणाची वडी घेऊन त्या हात धुवायला लागल्या. तळहात, मग हातामागचा भाग, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगट. ओठांतल्या ओठांत वीसपर्यंत आकडे. वॉर्डात अश्लेषा मागे उभी राहून मोजून घ्यायची, अगदी तसं. एकही पायरी चुकली नाही.

"आन हिकडं," ओले हात पुढे करून त्या लेकीला म्हणाल्या.

लेक क्षणभर बघतच राहिली. मग तिने गोधडीसकट बाळ त्यांच्या हातांत दिलं. सगुणाबाईंनी त्याला तोंडाशी नेलं नाही, मुका घेतला नाही. नुसतं हातांवर तोललं, जणू भाताची पेंढी किती भरली ते बघावं, आणि मग छातीशी धरलं.

"भरलीया की गं," एवढंच म्हणाल्या.

लेक पदराने डोळे पुसत आत चहा टाकायला गेली. सगुणाबाई अश्लेषाकडे बघत नव्हत्या. पण पायरीवर, तिच्यापासून हातभर अंतरावर, त्या येऊन बसल्या. कागद दोघींच्या मध्ये पडला होता. वाऱ्याने तो उडायला लागला तेव्हा त्यांनी पायाच्या अंगठ्याने तो दाबून धरला.

शेफू त्यांच्या समोर उकिडवी बसून बाळाची मूठ निरखत होती. बोट पुढे करायची, आईकडे बघायची, मागे घ्यायची.

"लाव हात," सगुणाबाई म्हणाल्या. "पयला धुवून ये."

शेफू धावत रांजणाकडे गेली. मोठ्याने आकडे म्हणत तिने हात धुतले. बारानंतर चौदा म्हणाली, पण वीसपर्यंत गेली. परत आली ती बाळाच्या मुठीत स्वतःचं बोट अडकवून बसली. काहीतरी तिच्या डोक्यात फिरत होतं. तसं असलं की ती खालचा ओठ दातांत धरायची.

"आई, किकवीच्या बाळाला तू दिलीस सर्दी."

"हो."

"आणि तुला मी दिली."

अश्लेषाने सगुणाबाईंकडे पाहिलं. त्या बाळाकडे बघत होत्या.

"हो, बहुतेक," अश्लेषा म्हणाली.

शेफूने थोडा विचार केला. बाळाने तिचं बोट सोडलं नव्हतं.

"मग मला कुणी दिली?"